राजाभोवतीची माणसे : टॅसिटसने पाहिलेले रोम



रोमचे शहाणपण म्हटले की आपल्याला मार्कस ऑरेलियसची टिपणे आठवतात, सेनेकाची पत्रे आठवतात. दोन्ही थोर पुस्तके आहेत आणि अडचणीत सापडलेल्या कितीतरी माणसांना त्यांनी आधार दिला आहे. पण ती एकांतातली पुस्तके आहेत. सत्ता एकांतात भेटत नाही. ती चारचौघांत भेटते, बैठकीत भेटते, आपले मत विचारले जाते आणि आजूबाजूचे सगळे आपल्याकडे बघू लागतात तेव्हा भेटते. म्हणून आज मी एका सभागृहाविषयी बोलणार आहे. रोमचे सिनेट. तिथे सम्राटांच्या काळात काय काय घडले हे आपल्याला मुख्यतः कॉर्नेलियस टॅसिटस या एका इतिहासकारामुळे ठाऊक आहे.

टॅसिटसचा जन्म इ.स. ५६च्या सुमाराचा. नाणावलेला वकील. ८८ साली प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी, ९७ साली कॉन्सल, म्हणजे पदांच्या उतरंडीत सर्वांत वरचा, पुढे आशिया प्रांताचा, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानाचा, राज्यपाल. त्याचा मोठा ग्रंथ ‘ॲनल्स’ टायबेरियसपासून नीरोपर्यंतच्या राजवटींचा, इ.स. १४ ते ६८ या काळाचा इतिहास सांगतो. त्याचा बराच भाग हरवला आहे. पहिली सहा पुस्तके जगात उरली ती नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे. हा माणूस सिनेटच्या बाकांवर स्वतः बसला होता आणि तेही डोमिशियनसारख्या जुलमी सम्राटाच्या काळात. आपल्या बढतीत डोमिशियनचा हात होता हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याला वाचताना मी ही गोष्ट कधी विसरत नाही आणि आपणही विसरू नये अशी माझी विनंती आहे.

टॅसिटसचा विषय दुष्ट राजे हा आहे असे साधारणपणे समजले जाते. टायबेरियस संशयी होता आणि नीरो आईचा खुनी होता, हे खरेच आहे. पण पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला वाटू लागले की त्याची नजर राजावर फार वेळ ठरत नाही. ती राजाभोवतीच्या माणसांवर खिळलेली असते. राजाने हुकूम सोडण्यापूर्वीच हुकूम पाळणारी माणसे कुठून येतात, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

आधी सभागृह कसे चाले ते पाहू. सभासद सुमारे सहाशे. कॉन्सल अध्यक्षस्थानी. तो ज्येष्ठतेच्या क्रमाने एकेकाला मत विचारी. पुढच्या वर्षासाठी निवडलेला कॉन्सल आधी, मग माजी कॉन्सल, मग त्यांच्या खालचे. अखेरीस मतदान व्हायचे ते पायांनी. ज्याचा प्रस्ताव पटला त्याच्याकडे उठून चालत जायचे. कोण कुठे उभा आहे हे सगळ्या सभागृहाला दिसे.

पहिला सम्राट ऑगस्टस याने यातले काही मोडले नाही. इ.स.पू. ३१मध्ये ॲक्टियमच्या लढाईनंतर सगळी सत्ता त्याच्या मुठीत आली, पण कॉन्सल राहिले, प्रेटर राहिले, सिनेट भरत राहिले. तो इ.स. १४मध्ये वारला तेव्हा खरे प्रजासत्ताक डोळ्यांनी पाहिलेली माणसे फारशी उरली नव्हती. पदांची नावे तीच होती, म्हणून तोटा कुणाच्या लक्षातही येत नव्हता. टायबेरियस गादीवर आला त्या दिवसांचे वर्णन करताना टॅसिटस सांगतो की कॉन्सल, सिनेटर आणि सरदार सगळे गुलामीकडे धावत सुटले होते, आणि जो जितका प्रतिष्ठित तितकी त्याची घाई अधिक. कुणी त्यांना तलवार दाखवलेली नव्हती. सभागृहातून बाहेर पडताना टायबेरियस या माणसांच्या लाचारीबद्दल ग्रीक भाषेत वैतागून काहीतरी बोलत असे, अशी आठवणही टॅसिटस नोंदवतो. ज्याला लोकांचे स्वातंत्र्य नको होते, त्यालासुद्धा त्यांच्या लोटांगणाची शिसारी आली होती.

हाच टायबेरियस इ.स. २२मध्ये सिनेटला लिहिलेल्या पत्रात तक्रार करतो की बायकांच्या रत्नांपायी रोमचा पैसा परक्या देशांत जातो आहे. त्या परक्यांत आपणही होतो. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. रोमच्या जगाचा माल आपल्या मुलखापर्यंत येत होता. त्या व्यापारावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मी सभागृहाकडे परत येतो.

इ.स. १५. बिथिनियाचा माजी राज्यपाल ग्रेनियस मार्सेलस याच्यावर राजद्रोहाचा खटला. आरोप असा की त्याने आपला पुतळा सम्राटांच्या पुतळ्यांपेक्षा उंचावर बसवला, आणि ऑगस्टसच्या एका पुतळ्याचे डोके काढून तिथे टायबेरियसचे डोके लावले. टायबेरियस भडकला. या खटल्यात मीसुद्धा उघडपणे आणि शपथेवर मत देणार, असे त्याने जाहीर केले. तेव्हा नीअस पिसो नावाच्या सिनेटरने विचारले की सम्राट कितव्या क्रमांकाने मत देणार आहेत? आधी दिले तर आपल्याला त्यांच्यामागे जाता येईल, पण सर्वांत शेवटी दिले तर नकळत आपले मत त्यांच्याविरुद्ध पडायचे. प्रश्न अत्यंत नम्र होता, आणि त्यात सगळी व्यवस्था उघडी पडली. सम्राट मत देणार असेल तर इतरांच्या मताला अर्थ उरत नाही. टायबेरियसला हे तत्क्षणी कळले, तो वरमला आणि मार्सेलस राजद्रोहातून सुटला. त्या वर्षी असा प्रश्न अजून विचारता येत होता. पाच वर्षांनी याच पिसोवर खटला झाला आणि निकालाआधीच तो मेला. त्याच्याविरुद्धचा सिनेटचा ठराव ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेला स्पेनमध्ये सापडला आणि १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच्यासाठी शोक करायलाही बंदी आहे, त्याचे पुतळे हटवण्याची आज्ञा आहे, आणि सम्राटाच्या घराण्याच्या गुणांची स्तुती तर ओळीमागून ओळ चालू राहते. टॅसिटस अतिशयोक्ती करतो असे म्हणणाऱ्यांनी तो ठराव जरूर वाचावा. ती सिनेटची स्वतःची भाषा आहे.

आता मला दोन खटल्यांपाशी थोडे थांबायचे आहे. त्यांच्यात एक्केचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि ते एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजेत असे माझे मत आहे.

पहिला इ.स. २१चा. क्लुटोरियस प्रिस्कस नावाचा कवी. टायबेरियसचा पुतण्या जर्मॅनिकस याच्या मृत्यूवर त्याने लिहिलेले शोककाव्य गाजले होते आणि टायबेरियसकडून त्याला बक्षीसही मिळाले होते. पुढे टायबेरियसचा मुलगा ड्रूसस आजारी पडला. तो दगावला तर आणखी मोठे बक्षीस मिळेल या हिशेबाने प्रिस्कसने आधीच कविता रचून ठेवली. ड्रूसस बरा झाला. पण प्रिस्कसला राहवले नाही. पब्लियस पेट्रोनियसच्या घरी, त्याची सासू व्हिटेलिया आणि अनेक प्रतिष्ठित स्त्रियांसमोर, त्याने ती कविता मिरवली. खबर फुटली. साक्षीला बोलावल्यावर बाकीच्या सगळ्या स्त्रियांनी घाबरून जे घडले ते सांगून टाकले. एकट्या व्हिटेलियाने ठामपणे सांगितले की आपण काहीच ऐकले नाही.

नियोजित कॉन्सल हॅटेरियस अग्रिप्पाने देहदंडाचा प्रस्ताव मांडला. मार्कस लेपिडस विरोधाला उभा राहिला. तो बंडखोर माणूस नव्हता. त्याने प्रिस्कसची बाजू घेतली नाही, उलट त्याला दोषच दिला. पण बोलणे आणि करणे यांत फरक आहे, मूर्खपणा आणि गुन्हा यांत फरक आहे, म्हणून हद्दपारी आणि मालमत्तेची जप्ती पुरे, असे त्याने सांगितले. मतदान झाले. लेपिडसच्या बाजूला चालत गेला तो एक माणूस. रुबेलियस ब्लँडस. बाकी सगळे सभागृह अग्रिप्पाकडे. प्रिस्कसला तुरुंगात नेले आणि लगेच मारले.

टायबेरियस त्या वेळी रोममध्ये नव्हता. त्याने हे मागितलेच नव्हते. नंतर त्याने पत्र पाठवून केवळ शब्दांसाठी इतकी घाई केल्याबद्दल नापसंती दाखवली, लेपिडसची स्तुती केली, आणि अग्रिप्पालाही दुखावले नाही. त्यातून एक नियम झाला की सिनेटचे ठराव दहाव्या दिवसापूर्वी खजिन्यात नोंदवायचे नाहीत, म्हणजे शिक्षा झालेल्याला तेवढा अवधी मिळेल. नियम चांगला होता. टॅसिटस मात्र पुढेच लिहितो की सिनेटला फेरविचाराचे स्वातंत्र्य नव्हते आणि मध्ये दिवस गेले म्हणून टायबेरियसही निवळत नसे. ज्या सभागृहाला मत बदलण्याची भीती वाटते, त्याला दहा दिवस मिळाले काय आणि शंभर मिळाले काय, सारखेच.

या खटल्यानंतरच्या वर्षांत भीती घराघरांत शिरली. सम्राटाचा उजवा हात सेजेनस याच्या मर्जीवाचून कॉन्सलपद मिळेना. त्यासाठी चार माजी प्रेटरांनी टायटियस सबायनसला जाळ्यात ओढले. सबायनसचा अपराध एवढाच की जर्मॅनिकसच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेची, ॲग्रिपायनाची, साथ त्याने सोडली नाही. चौघांपैकी लॅटिनियस लॅटिएरिसने त्याच्याशी मैत्री जोडली, सम्राटाला शिव्या देऊन त्याचा विश्वास मिळवला आणि त्याला घरी बोलावले. उरलेले तिघे सिनेटर छप्पर आणि आतले लाकडी छत यांच्यामधल्या पोकळीत लपले होते, फटींना कान लावून. सबायनस बोलला. चौघांनी आपले हे काम पत्राने सम्राटाला कळवले, म्हणजे स्वतःच्या बेअब्रूची हकिकत स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. इ.स. २८च्या नववर्षदिनी सबायनसला फरफटत मरणाकडे नेले. तो ज्या रस्त्याने गेला तिथून माणसे पळून गेली. मग त्यांतली काही परत आली आणि मुद्दाम रस्त्यावर दिसू लागली. आपण घाबरलो हे कुणाला दिसले तर, या भीतीने. मनुष्यस्वभावावर मी जे काही वाचले आहे त्यात इतके खोलवर पाहिलेले दुसरे काही मला पटकन आठवत नाही. दहशतीखाली माणूस आपली भीती लपवायला शिकतो, आणि मग शेजाऱ्याला वाटते की इथे आपण एकटेच घाबरलेले आहोत.

आता दुसरा खटला, इ.स. ६२चा. नीरोचे राज्य. प्रेटर अँटिस्टियस सोसियानस याने नीरोची निंदा करणाऱ्या कविता ऑस्टोरियस स्कॅपुलाच्या घरी मेजवानीत वाचल्या. कॉसुशियानस कॅपिटोने फिर्याद केली. ज्याच्या घरी मेजवानी झाली त्या ऑस्टोरियसने साक्ष दिली की मी काहीच ऐकले नाही. आधीच्या खटल्यातल्या व्हिटेलियाची आठवण येते. नियोजित कॉन्सलने जुन्या रूढीप्रमाणे देहदंड सुचवला. मग थ्रेसिया पेटस उभा राहिला. त्याने नीरोची आदराने स्तुती केली, सोसियानसला कडक शब्दांत दोष दिला, आणि सांगितले की सिनेटवर कुणाची सक्ती नसताना जास्तीत जास्त शिक्षा द्यायची काय गरज आहे? फाशी आणि जल्लाद हे प्रकार मागेच बंद झाले आहेत, कायद्याने ठरवलेल्या शिक्षा आहेत, बेटावर हद्दपार करावे. लेपिडसचेच म्हणणे, जवळजवळ त्याच शब्दांत.

या वेळी सभागृह थ्रेसियाकडे चालत गेले. थोडेच मागे राहिले. त्यांत अग्रभागी होता ऑलस व्हिटेलियस, जो पुढे काही महिने सम्राट झाला. टॅसिटस स्पष्ट लिहितो की थ्रेसियाच्या मोकळेपणाने इतरांची गुलामी तोडली. ठराव झाला, पण तो पक्का करायची कॉन्सलांची छाती होईना. त्यांनी नीरोला लिहिले. उत्तर आले, धुसफुसणारे, पण तुम्हाला हवे ते करा, हवे तर सोडून द्या, असे सांगणारे. नीरो नाराज आहे हे सर्वांना दिसत होते, तरी ठराव बदलला नाही. का बदलला नाही, हेही टॅसिटस सांगतो. काहींना वाटले की आता माघार घेतली तर सम्राटच क्रूर दिसेल. बहुतेकांना आपण पुष्कळ आहोत या गोष्टीचा आधार वाटला. थ्रेसिया मात्र नेहमीच्या खंबीरपणाने उभा होता.

लेपिडसला एक माणूस मिळाला आणि थ्रेसियाला सभागृह, असे का? टायबेरियस नीरोपेक्षा भयंकर होता म्हणून नव्हे. मला वाटते, फरक थ्रेसियाच्या आधीच्या वागण्यात आहे. तीन वर्षांपूर्वी, इ.स. ५९मध्ये, नीरोने आईचा खून केला. सेनेकाने लिहिलेले समर्थनाचे पत्र सिनेटमध्ये वाचले गेले आणि अभिनंदनाचे ठराव सुरू झाले. त्या वेळी थ्रेसिया उठून बाहेर निघून गेला होता. एरवी खुशामतीच्या ठरावांवर तो गप्प बसे किंवा तोंडदेखली संमती देई. त्या दिवशी तो चालत गेला. म्हणून ६२ साली तो बोलला तेव्हा त्याच्या सौम्य शब्दांमागे काय आहे हे प्रत्येकाला माहीत होते. जिथे मतदान पायांनी होते तिथे बाहेर जाणे हेसुद्धा मतदानच होते.

आणि नेमक्या याच प्रसंगावर टॅसिटसने थ्रेसियाला दोष दिला आहे. तो लिहितो की थ्रेसियाने स्वतःवर संकट ओढवून घेतले, पण इतरांसाठी स्वातंत्र्याची सुरुवात काही करून दिली नाही. हे वाचताना माझे टॅसिटसशी भांडण होते. हा दोष आणि ६२च्या ठरावाबद्दलची त्याचीच स्तुती एकमेकांना छेद देतात असे मी म्हणणार नाही, कारण सगळे प्रसंग त्याच एका पुस्तकात, चौदाव्यात, काही पानांच्या अंतराने आहेत. दोन्ही त्याला दिसत होते. तरीही त्याला दोष द्यावासा वाटला. का, ते मी पुढे सांगेन.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर एपिक्टेटसने दिले आहे. जन्माने गुलाम, पुढे तत्त्वज्ञ, आणि डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलले तेव्हा रोमबाहेर गेलेला. थ्रेसियाचा जावई हेल्व्हिडियस प्रिस्कस याची गोष्ट तो शिष्यांना सांगत असे. सम्राट व्हेस्पेशियनने हेल्व्हिडियसला निरोप धाडला की सिनेटमध्ये येऊ नकोस. त्याने कळवले की मला सिनेटमधून काढणे तुमच्या हातात आहे, पण मी सभासद असेतोवर यायला हवे. मग ये, पण बोलू नकोस. मत विचारू नका, मी बोलणार नाही. विचारणे तर मला भाग आहे. मग जे योग्य वाटते ते सांगणे मला भाग आहे. शेवटी मरणाची धमकी आली, आणि हेल्व्हिडियसने तीही शांतपणे स्वीकारली. यावर शिष्याने विचारावे असा प्रश्न एपिक्टेटस स्वतःच उभा करतो : एकट्या माणसाने असे करून काय साधले? त्याचे उत्तर असे की वस्त्राच्या काठावरचा जांभळा पट्टा वस्त्राला काय देतो, तेच. तो स्वतः उठून दिसतो आणि बाकीच्यांना नमुना होतो. माझा कौल एपिक्टेटसला आहे. ६२च्या मतदानाने त्याची बाजू सिद्ध केली आहे.

पण या खटल्याचा पुढचा भाग सांगितल्याशिवाय मी त्याला चांगल्या शेवटाची गोष्ट म्हणू शकत नाही. सोसियानस बेटावर गेला. चार वर्षांनी, इ.स. ६६मध्ये, त्याला कळले की फिर्याद करणाऱ्यांना आता मानमरातब मिळतो. तिथल्या एका हद्दपार ज्योतिषाशी त्याने मैत्री केली, त्याची कागदपत्रे चोरली आणि नीरोकडे दोन नावे पाठवली. त्यांतले एक नाव ऑस्टोरियस स्कॅपुलाचे होते. ज्याने ‘मी काहीच ऐकले नाही’ अशी साक्ष देऊन त्याला वाचवण्याचा प्रयत्न केला, त्याचे. ऑस्टोरियस शूर सैनिक होता, ब्रिटनच्या लढाईत त्याने नागरी मुकुट मिळवला होता. त्याला आत्महत्या करावी लागली.

थ्रेसियाने वाचवलेला माणूस असा निघाला. म्हणून थ्रेसियाचे मत वाया गेले का? मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि माझे उत्तर नाही असे आहे. थ्रेसियाने सोसियानसला चांगला माणूस म्हटलेच नव्हते. कवितेसाठी माणूस मारायचा नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. आरोपी सज्जन असेल तरच त्याच्या बाजूने उभे राहायचे, असे ठरवले तर कायदा सज्जनांपुरताच उरतो, आणि सज्जन कोण हे पुन्हा सम्राटच ठरवणार.

दुसऱ्या दिशेनेही माणसे बदलतात. इ.स. ५२मध्ये सम्राट क्लॉडियसच्या पदरी असलेला मुक्त गुलाम पॅलस याला प्रेटरची चिन्हे आणि दीड कोटी सेस्टर्स देण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. इतका लाजिरवाणा प्रस्ताव सिनेटच्या इतिहासात विरळा. पॅलसने मान घेतला, पैसा नाकारला, आणि तो नकार आपल्या थडग्यावर कोरवून घेतला. पन्नासएक वर्षांनी रस्त्याने जाताना पत्रलेखक धाकट्या प्लिनीने तो लेख पाहिला आणि त्याने संतापाने दोन पत्रे लिहिली. हा प्रस्ताव मांडणारा होता बॅरिया सोरेनस. हाच सोरेनस पुढे आशिया प्रांताचा राज्यपाल झाला, त्याने इफेससचे बंदर गाळ काढून मोकळे केले, आणि पर्गॅमम शहराने आपले पुतळे आणि चित्रे नीरोच्या माणसाला नेऊ दिली नाहीत तेव्हा त्या शहराला शिक्षा केली नाही. इ.स. ६६मध्ये त्याच्यावर खटला झाला. त्याची वीस वर्षांचीही न झालेली मुलगी सर्व्हिलिया हिलाही बरोबर उभे केले. तिने आपले दागिने विकून मांत्रिकांना वडिलांचे काय होईल एवढेच विचारले होते. दोघांनाही मरावे लागले. सोरेनसविरुद्ध पैसे घेऊन साक्ष देणारा त्याचा मित्र आणि गुरू पब्लियस इग्नेशियस सेलर होता, तत्त्वज्ञाचा अंगरखा घालणारा. ५२ सालच्या प्रस्तावावरून सोरेनसला ओळखायचे, की ६६ सालच्या खटल्यावरून? टॅसिटस दोन्ही नोंदवतो आणि एकानेही दुसरे पुसत नाही. इतिहासकाराचा प्रामाणिकपणा यालाच म्हणायचे.

त्याच दिवसांत थ्रेसियाचाही निकाल लागला. अरुलेनस रस्टिकस नावाचा तरुण ट्रिब्यून आपला नकाराधिकार वापरायला तयार झाला. थ्रेसियाने त्याला अडवले. उपयोग होणार नाही आणि तू मात्र जाशील, माझे आयुष्य झाले, तुझी सुरुवात आहे, असे त्याचे सांगणे होते. कॅपिटो आणि एप्रियस मार्सेलस या दोन फिर्यादींना प्रत्येकी पन्नास लाख सेस्टर्स मिळाले. रस्टिकस जगला, पदे भूषवली, आणि मग त्याने थ्रेसियाचे चरित्र लिहिले. त्यासाठी डोमिशियनने इ.स. ९३मध्ये त्याला ठार केले आणि पुस्तक भर चौकात जाळले. एका पिढीपूर्वी एक माणूस उठून बाहेर गेला, त्याचे हे फळ. पुढे मार्कस ऑरेलियसने आपल्या टिपणांत थ्रेसिया आणि हेल्व्हिडियस यांची नावे आदराने घेतली, तीही एका सम्राटाने.

नीरो गेल्यानंतर हिशेब झाला का? इ.स. ७०मध्ये सिनेटने एक विलक्षण गोष्ट केली. प्रत्येक सभासदाने शपथ घ्यायची की माझ्यामुळे कुणाच्या जिवाला धोका झाला नाही आणि कुणा नागरिकाच्या नाशातून मी पद किंवा पैसा मिळवला नाही. ज्यांचे मन खात होते ते शपथेचे शब्द फिरवू लागले, अडखळू लागले. सभागृहाने खोटी शपथ घेणाऱ्यांना ओळखले आणि काहींना हाकलून दिले. मार्सेलसची पाळी येणार असे दिसू लागले. याआधीच त्याने हेल्व्हिडियसला एक उत्तर दिले होते आणि ते उत्तर मला आजही छळते. थ्रेसिया माझ्या भाषणाने जितका मेला तितकाच तुमच्या निकालाने मेला, असे त्याचे म्हणणे. माणूस नीच होता आणि म्हणणे खरे होते. पुढच्या बैठकीत तरुण डोमिशियनने झाले गेले विसरावे असे सुचवले, सेनापती मुशियानस फिर्यादींच्या बाजूने सविस्तर बोलला, आणि सिनेट गप्प झाले. दोन हद्दपारांना मात्र त्यांच्या बेटांवर परत पाठवले. त्यांतला एक सोसियानस. लहान माणसाला शिक्षा झाली. मार्सेलस आशियाचा राज्यपाल झाला.

डोमिशियन तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्या बैठकीत तो काय शिकला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. तो इ.स. ९६मध्ये मारला गेल्यावर भला म्हातारा नर्व्हा आला, पण नर्व्हाच्या पंक्तीला डोमिशियनच्या काळातला कुप्रसिद्ध व्हेएंटो बसलेला असे. एकदा जेवताना मेलेल्या कॅटुलस मेसॅलिनसची गोष्ट निघाली. तो आंधळा होता आणि फिर्यादींत सर्वांत क्रूर होता. नर्व्हाने विचारले की तो आज असता तर त्याचे काय झाले असते? पंक्तीत रस्टिकसचा भाऊ मॉरिकस होता, हद्दपारीतून नुकताच परतलेला. तो म्हणाला की आज तो आपल्याबरोबर जेवत असता. धाकट्या प्लिनीने ही हकिकत मित्राला कळवली आहे.

या काळात, इ.स. ९७मध्ये, टॅसिटस कॉन्सल झाला. ७० सालासारखी शपथ या वेळी कुणी मागितली नाही. आणि आता मी राहून गेलेले उत्तर देतो. थ्रेसियाला दोष देणारा टॅसिटस हा जगून राहिलेला माणूस होता. त्याचे सासरे अग्रिकोला डोमिशियनच्या हाताखालीही निमूटपणे काम करत राहिले. वाईट सम्राटाच्या काळातही थोर माणूस होता येते, हे त्याने सासऱ्यांच्या चरित्रात आग्रहाने सांगितले आहे, आणि त्यात त्याचा स्वतःचाही बचाव आहे. उद्धटपणा आणि लाचारी यांच्यामधली वाट त्याला लेपिडसमध्ये सापडली, याचा त्याला मनापासून दिलासा वाटला असणार. थ्रेसियाचा तोरा, निदान त्याला तो तोरा वाटला, त्याला सलत असणार.

पण त्याच चरित्रात, इ.स. ९८मध्ये, डोमिशियनच्या काळातल्या हत्यांविषयी लिहिताना त्याने हेल्व्हिडियसच्या मुलाला, धाकट्या हेल्व्हिडियसला, तुरुंगात नेणाऱ्या हातांविषयी लिहिले, आणि ते हात ‘आमचे’ आहेत असे लिहिले. डोमिशियनचे नाही, फिर्यादींचे नाही. तो त्या दिवशी सभागृहात होता की नव्हता याला महत्त्व नाही, कारण त्याने स्वतःला त्या ‘आमचे’मध्ये घातले आहे. कॉन्सलपदावरून नुकताच उतरलेला, मानाने जगत असलेला माणूस हे लिहीत होता. ते लिहायला त्याला कुणी भाग पाडले नव्हते. न लिहिले असते तरी कुणी विचारले नसते. सत्तर सालच्या त्या शपथेत अनेकांनी जे शब्द गिळले, ते त्याने न मागता उच्चारले, असे मी या वाक्याकडे बघतो. मग तो ‘हिस्टरीज’ लिहायला बसला, आणि नंतर ‘ॲनल्स’. कुणी कोणता प्रस्ताव मांडला आणि कोण उठून कुणाकडे चालत गेले, हे सिनेटच्या नोंदी चाळून नावानिशी लिहून ठेवण्यात त्याने उरलेले आयुष्य घालवले.